परमुलुखातील गोगलगायी आणि त्यांचा सदय बंदोबस्त

इ. स. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकरीत असलेल्या आणि शंखधारी प्राण्यांच्या अभ्यासाचा व्यासंग जडलेल्या गृहस्थांनी मॉरिशस बेटावरून काही जिवंत गोगलगायी हिंदुस्थानात आणल्या, आणि त्या कलकत्त्याच्या चौरंगी भागातील एका बागेत सोडल्या गेल्या. एवढ्या क्षुल्लक घटनेची दखल त्या काळच्या सरकारी दप्तरांनी घेण्याचे काही कारण नव्हते. परंतु मूळची पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याकडील ही थोराड गोगलगाय पुढील शंभर वर्षांच्या आत सिंहलद्वीप, मलाया आणि हवाई बेटे इतका दूरचा मुलूख व्यापून बसली, आणि जगातील अत्यंत उपद्रवी अशा शंभर परकीय जीवजातींची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या तज्ज्ञांनी पुढे तयार केली, तिच्यात तिला स्थान मिळाले. हा प्रवास तिने आपल्या पायाने केलेला नाही. कुठे कुणी कौतुकाने नेली, कुठे औषध म्हणून वा खाद्य म्हणून नेली, कुठे ती रोपांच्या मुळाशी असलेल्या मातीतून नकळत गेली. प्रत्येक ठिकाणी वाहतुकीचे काम मनुष्याने केले आहे, आणि तिच्या बंदोबस्ताचा विचार करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात धरली पाहिजे असे मला वाटते.

महाराष्ट्रातील बागांत आणि शेतांत ज्या परकीय गोगलगायी पावसाळ्यात दृष्टीस पडतात, त्यांत ठळक अशा दोन आहेत. एक ही बेन्सनसाहेबांची, जिला आपल्याकडील शेतकरी शंखी गोगलगाय म्हणतात: निमुळता, तपकिरी पट्ट्यांचा शंख, मादी-नर असा भेद नसलेली काया, आणि पूर्ण वाढल्यावर तळहातावर मावणार नाही इतका आकार. दुसरी बिनशंखाची, चपटी, काळसर, चामड्यासारख्या खरबरीत पाठीची आणि त्या पाठीवर बहुधा मधोमध एक फिकट रेघ असलेली. प्राणिशास्त्रात तिचे नाव लीव्हिकॉलिस अल्टे असे असून फेरुसाक या फ्रेंच अभ्यासकाने १८२२ मध्ये तिचे वर्णन केले, आणि तिचेही मूळ आफ्रिकेतच असावे असे विद्वान मानतात. शंखाचे ओझे नसल्यामुळे ही दुसरी गोगलगाय कुंडीच्या बुडाखालच्या फटीत, विटांच्या सांध्यात आणि भुसभुशीत मातीच्या पोटात सहज शिरते, दिवसभर तेथे दडून राहते, आणि रात्री बाहेर पडून तेरडा, झेंडू, कोबी, पालक अशा कोवळ्या झाडपाल्यावर चरते. सकाळी माळ्याला दिसतात ती केवळ कुरतडलेली पाने आणि फरशीवर वाळलेली चकाकती रेघ.

या प्राण्यांच्या विजयाचे रहस्य त्यांच्या शरीररचनेत आहे. यांतील प्रत्येक गोगलगाय उभयलिंगी असते, म्हणजे कोणत्याही दोघी भेटल्या तरी संततीची तजवीज होऊ शकते; शंखी गोगलगाय तर एका समागमातून मिळालेले बीज कित्येक महिने आपल्या शरीरात साठवून ठेवते, आणि त्यामुळे एकटीच एखाद्या नव्या बागेत येऊन पडली तरी तेथे वसाहत वसवू शकते. एका वेळी शंभर-दोनशे अंडी, वर्षातून अशा अनेक खेपा, आणि पाचशेहून अधिक जातींच्या वनस्पती खाण्याची तयारी. शंखासाठी लागणारा चुना मातीत कमी पडला तर ती भिंतींचा गिलावा खरवडून खाते. पाऊस सरून हवा कोरडी झाली की शंखाच्या तोंडावर एक पापुद्रा ताणून ती दगडांच्या राशीत किंवा मातीत महिनोन् महिने निपचित पडते, आणि मृगाच्या सरी येताच पुन्हा जागी होते. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत सोयाबीनची नुकती उगवलेली रोपे या गोगलगायींनी फस्त केली, अनेकांवर दुबार पेरणीची पाळी आली, आणि सरकारला नुकसानभरपाईचा विचार करावा लागला. ज्या कुटुंबाचा सगळा हंगाम अशा रीतीने एका रात्रीत नाहीसा होतो, त्याला गोगलगाईवर दया करण्याचा उपदेश करण्याचा अधिकार शहरातील बाल्कनीत चार कुंड्या सांभाळणाऱ्या माणसाला नाही. बंदोबस्त हवा, आणि तो परिणामकारक हवा, याविषयी या लेखात दुमत नाही. प्रश्न आहे तो बंदोबस्ताच्या रीतीचा. आणि माझे म्हणणे असे की, या बाबतीत जी रीत निर्दय आहे ती बहुतेक वेळा निरुपयोगीही असते, कारण दोन्ही दोषांचे मूळ त्या प्राण्याविषयीच्या अज्ञानात असते.

गोगलगाईला वेदना होते काय, हा प्रश्न पुष्कळांना पोरकट वाटेल. परंतु विज्ञानाने तो पोरकट मानलेला नाही. १९७५ मध्ये अ‍ॅलन गेल्पेरिन यांनी असे दाखवून दिले की, बिनशंखाच्या गोगलगाईला एखादे नवे अन्न खाऊ घालून लगेच कार्बन डायऑक्साइडची बाधा केली तर ती ते अन्न पुढे टाळू लागते, आणि एवढे शिकायला तिला एकच प्रसंग पुरतो. १९८३ मध्ये कॅनडातील संशोधकांनी गोगलगायींना चाळीस अंश सेल्सिअस तापलेल्या पृष्ठभागावर ठेवले, तेव्हा त्यांनी आपल्या पायाचा पुढचा भाग वर उचलून घेतला. मॉर्फिन दिले असता ही हालचाल होण्यास अधिक वेळ लागला, आणि मॉर्फिनचा प्रभाव पुसून टाकणारे नॅलॉक्सोन दिले असता तो फरक नाहीसा झाला. माणसाच्या वेदनेवर चालणारे औषध गोगलगाईच्या शरीरातही त्याच रीतीने चालते, याचा अर्थ तिला आपल्यासारखे दुःख होते असा काढणे घाईचे ठरेल. पण तिला काहीच होत नाही असे म्हणून हात झटकणे त्याहून घाईचे आहे. आपल्या देशाच्या कायद्याने तर या बाबतीत विलक्षण औदार्य दाखविले आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत ज्या विषयाचा आग्रह धरला त्यातून पुढे १९६० चा प्राणी-क्रूरता-प्रतिबंधक अधिनियम जन्माला आला, आणि त्यात प्राण्याची व्याख्या ‘मनुष्याखेरीज कोणताही सजीव प्राणी’ अशी व्यापक ठेवलेली आहे. ब्रिटनचा २०२२ चा कायदाही कणाहीन प्राण्यांपैकी केवळ अष्टपादांचा वर्ग आणि खेकडे-झिंग्यांचा वर्ग यांच्यापर्यंतच जाऊन थांबतो. उपद्रवी जीवांचा नाश करण्यास आपला कायदाही आडकाठी करीत नाही, परंतु अनावश्यक यातना देऊ नये ही अपेक्षा त्याच्या मुळाशी आहे. आणि कायद्याच्याही पुष्कळ आधी, पावसाळ्यात जमिनीवर असंख्य सूक्ष्म जीव बाहेर पडतात आणि चालणाऱ्याच्या पायाखाली ते चिरडले जातात म्हणून जैन मुनींनी चातुर्मासात विहार थांबवण्याचा नियम घालून घेतला, तो याच भूमीत.

आता प्रचलित उपायांकडे पाहू. सर्वांत सुलभ आणि म्हणून सर्वांत रूढ उपाय म्हणजे मीठ. गोगलगाईच्या अंगावर मीठ पडले की तिच्या ओल्या त्वचेतून पाणी बाहेर ओढले जाते, ती स्वसंरक्षणार्थ भराभर श्लेष्मा सोडते, त्यातही पाणी खर्च होते, आणि शरीर आक्रसत जाऊन कित्येक मिनिटांच्या धडपडीनंतर तिचा अंत होतो; मोठ्या शंखी गोगलगाईने अंग आत ओढून घेतले तर तो लवकर होतही नाही. शिवाय तेच मीठ मातीत मुरते आणि ज्या रोपांसाठी हा खटाटोप केला त्यांच्याच मुळांना अपाय करते. मिठाच्या पाण्यात बुडवण्याची जी पद्धत आहे तिचीही जात हीच. दुसरा उपाय मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांचा. हे विष पोटात गेलेली गोगलगाय प्रमाणाबाहेर श्लेष्मा गाळून शुष्क होत मरते. परंतु नेमका पाऊस लागला तर गमावलेले पाणी परत मिळून ती पुष्कळदा सावरते, म्हणजे गोगलगायींच्या खऱ्या हंगामातच हे औषध दगा देते. त्या गोळ्या चवीने खाणारी कुत्री जिवाला मुकतात, आणि त्यांना वाचविण्यासाठी कोणताही खास उतारा उपलब्ध नाही. ब्रिटनने २०२२ च्या वसंतात मेटाल्डिहाइडचा उघड्यावरील वापर बंद केला तो वन्य पशुपक्ष्यांना पोहोचणाऱ्या अपायामुळेच. आपल्याकडे भारद्वाज गोगलगायी आवडीने खातो, आणि भंडारदऱ्याच्या परिसरात वळवाच्या दिवसांत जे काजवे पाहायला माणसांची रीघ लागते त्या काजव्यांच्या अळ्या गोगलगायींवर पोसतात. बागेत विष पसरणारा माणूस या फुकटच्या पहारेकऱ्यांनाही धोक्यात घालतो. ज्याला गोळ्या वापरल्याखेरीज गत्यंतरच नाही त्याने निदान लोह फॉस्फेटच्या वापराव्यात, त्यांपासून कुत्र्या-मांजरांना आणि पक्ष्यांना होणारा धोका पुष्कळ कमी असतो.

परंतु निर्दय आणि निरुपयोगी उपायांचा शिरोमणी शोधायचा तर प्रशांत महासागरात जावे लागते. हवाई बेटांत शंखी गोगलगाय १९३६ मध्ये पोहोचली आणि अल्पावधीत बेसुमार वाढली, तेव्हा तिचा संहार करील या आशेने सरकारने १९५५ मध्ये अमेरिकेच्या आग्नेय भागातील एक मांसाहारी गोगलगाय मुद्दाम आणून सोडली, जिला तिच्या गुलाबी छटेवरून आणि शिकारी स्वभावावरून गुलाबी लांडगा-गोगलगाय असे नाव मिळालेले आहे. हिशेब सोपा वाटत होता. पण या शिकाऱ्याला थोराड आफ्रिकन सावजापेक्षा बेटांवरच्या लहानग्या मूळ गोगलगायी अधिक सुलभ वाटल्या, आणि इतर कारणांनी आधीच क्षीण होत चाललेल्या, एके काळी साडेसातशेच्या आसपास जाती असलेल्या त्या अपूर्व संपदेला या नव्या शत्रूने मोठाच तडाखा दिला. हा अनुभव समोर असताना १९७७ मध्ये ताहितीजवळच्या मोरेआ बेटावर हाच प्रयोग पुन्हा करण्यात आला. त्या बेटावर पार्टुला प्रजातीतील सात जाती होत्या. एका बेटावर इतक्या जवळच्या जाती कशा घडतात हे समजून घेण्यासाठी जीवशास्त्रज्ञांच्या पिढ्यांनी त्यांचा अभ्यास केला होता. दहा वर्षांच्या आत, १९८७ पर्यंत, त्या साती जाती मोरेआच्या रानातून जवळजवळ नाहीशा झाल्या. काहींचे वंशज तेवढे परदेशांतील प्राणिसंग्रहालयांत काचेच्या पेट्यांतून जगवले गेले. आणि शंखी गोगलगाय? ती अद्याप त्या बेटांवर आहे. परकीय शत्रूवर परकीय शिकारी सोडण्याच्या या उपायाला कुणी ‘निसर्गाचा उपाय’ म्हणून गौरवीत असेल, तर त्याने मोरेआचा हा दाखला अवश्य वाचावा.

याउलट फ्लॉरिडाचे उदाहरण. १९६६ मध्ये हवाईहून परतणाऱ्या एका मुलाने तीन शंखी गोगलगायी मायामीला नेल्या, आणि त्याच्या आजीने त्या बागेत सोडून दिल्या. सात वर्षांत तेथे अठरा हजारांहून अधिक गोगलगायी सापडल्या. त्यांचे निर्मूलन झाले, पण त्यासाठी सुमारे दहा वर्षे आणि दहा लाख डॉलर खर्ची पडले, आणि मोहिमेचा मोठा भार वेचून काढण्याच्या कामावरच होता. तीन गोगलगायी वेळीच वेचणे आणि अठरा हजार वेचणे यांत यातनेचेही तेवढेच अंतर आहे. म्हणून सदय बंदोबस्ताचा पहिला भाग मी प्रतिबंधाला देतो: रोपवाटिकेतून आणलेली प्रत्येक कुंडी आठवडाभर वेगळी ठेवावी, तिचे बूड उलटून पाहावे, वरची इंचभर माती उकरून मोहरीहून कितीतरी मोठी, फिकट पिवळसर, गोल अंडी आहेत का ते तपासावे. अंडी सापडली तर तत्काळ चिरडून टाकावी. ज्या जीवात अद्याप संवेदनेचे यंत्रच उभे राहिलेले नाही त्याचा नाश आणि पूर्ण वाढलेल्या प्राण्याचा नाश यांत नीतीच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे, आणि संख्येच्या दृष्टीने पाहिले तर एका घरट्याबरोबर पुढच्या शंभर-दोनशे मरणांचा प्रसंगच टळतो.

पाणी सायंकाळी न घालता सकाळी घालावे, म्हणजे रात्री गोगलगायींच्या संचाराच्या वेळी मातीचा वरचा थर कोरडा राहतो. फुटक्या कुंड्या, विटा, फळ्या यांचे ढीग बागेच्या हद्दीत ठेवू नयेत. रोपे लहान असताना उंचावर, मांडवावर वाढवावी आणि जरा निबर झाल्यावर जमिनीत लावावी. तांब्याची पट्टी, अंड्यांची टरफले, खडी, झाडाच्या सालीचा भुगा असल्या अडथळ्यांवर मात्र विसंबू नये: इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये १०८ लेट्यूसच्या रोपांवर अशा पाच घरगुती उपायांची परीक्षा घेतली, तेव्हा उपाय केलेल्या आणि न केलेल्या रोपांच्या नुकसानीत काही फरक आढळला नाही. याच संस्थेने २०२२ मध्ये गोगलगायींना ‘कीड’ या सदरातून वगळले, कारण तेथील बहुसंख्य जाती कुजका पाला खाऊन मातीची सेवाच करतात.

यानंतर वेचणी. मराठवाड्यातील शेतकऱ्यांना कृषी खात्याने जी युक्ती सांगितली ती बागेतही तितकीच गुणकारी आहे: गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे सायंकाळी ठिकठिकाणी पसरून ठेवावी, आणि उजाडण्यापूर्वी त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगायी गोळा कराव्या. कोबीची बाहेरची पाने वा कलिंगडाच्या साली ठेवल्यानेही हेच साधते. पहिल्या पावसानंतरचे काही दिवस सर्वांत मोलाचे, कारण त्या वेळी उन्हाळी निद्रेतून उठलेल्या गोगलगायींनी अंडी घातलेली नसतात. हातात मोजे असावेत, कारण या गोगलगायींच्या शरीरात उंदरांच्या फुफ्फुसातील एका कृमीच्या अळ्या असू शकतात आणि त्या पोटात गेल्यास माणसाच्या मेंदूच्या आवरणाला दाह होतो. याच कारणास्तव अशा बागेतील पालेभाजी नीट धुऊन, शिजवूनच खावी, आणि लहान मुलांना हे काम सांगू नये.

गोळा केलेल्या गोगलगायी कुंपणापलीकडे भिरकावून देणे हा कित्येकांना दयेचा मार्ग वाटतो. तो दयेचाही नाही आणि शहाणपणाचाही नाही. इंग्लंडमधील एका बागप्रेमी आजींनी २०१० मध्ये बीबीसी नभोवाणीच्या स्पर्धेसाठी गोगलगायींच्या शंखांवर रंगाच्या खुणा करून त्या दूर नेऊन सोडल्या, तेव्हा त्या पुन्हा आपल्या मूळ बागेकडे परतत असल्याचे दिसून आले. आणि परकीय गोगलगायी नदीकाठी किंवा टेकडीवर नेऊन सोडणे म्हणजे चौरंगीच्या बागेत घडले तेच लहान प्रमाणावर पुन्हा करणे होय.

तेव्हा ज्या परकीय गोगलगायी हाती लागल्या त्यांना मारणे प्राप्त आहे, आणि ते काम जबाबदारीने केले पाहिजे. त्वरित आणि पूर्ण चिरडणे, म्हणजे जाड पिशवीत घालून कठीण फरशीवर जड दगडाच्या एकाच घावात सारे शरीर नष्ट करणे, हे पाहणाऱ्याला किळसवाणे वाटले तरी सोसणाऱ्याच्या दृष्टीने क्षणाचे असते. अर्धवट घाव घालणारा हात असेल तर त्याने हे काम दुसऱ्यावर सोपवावे. ज्यांना ते जमणार नाही त्यांच्यासाठी प्रयोगशाळेने एक वाट दाखविली आहे: गिल्बर्टसन आणि वायट या संशोधकांनी २०१६ मध्ये असे नोंदवले की, सुमारे पाच टक्के मद्यार्काच्या द्रावणात, आणि यासाठी साधी बिअरही चालते, बुडवलेल्या गोगलगायी आक्रसण्याची वा श्लेष्मा सोडण्याची लक्षणे न दाखवता बधिर होतात, आणि मग त्यांना तीव्र मद्यार्कात टाकले की मृत्यू त्या बधिर अवस्थेतच येतो. बधिर झाल्याची खूण अशी की, हलकेच स्पर्श केला असता त्या अंग आत ओढून घेत नाहीत; ही खूण पटल्याखेरीज पुढची पायरी गाठू नये. मृत गोगलगायी खोल खड्ड्यात चुना टाकून पुराव्या. उघड्यावर टाकल्यास दुर्गंधी सुटते आणि कृमींचा फैलाव होतो.

एक गोष्ट मात्र वेचणीला हात घालण्यापूर्वीच शिकून घेतली पाहिजे, आणि ती म्हणजे ओळख. सह्याद्रीच्या रांगांत जमिनीवरील गोगलगायींच्या अडीचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील बहुसंख्य जगात अन्यत्र कोठेही नाहीत. सिंधुदुर्गातील आंबोलीच्या रानात अर्धवट शंख असलेल्या एका गोगलगाईचे स्वतंत्र प्रजातिनाम अमृत भोसले, तेजस ठाकरे आणि बेन रोसन यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले; सरीसृप-उभयचरांचे अभ्यासक वरद गिरी यांच्या सन्मानार्थ तिला वरदिया आंबोलिएन्सिस हे नाव मिळाले. म्हणजे ज्या घाटात आपण पिढ्यान् पिढ्या वर्षासहलीला जात आहोत, तेथील एका प्राण्याला शास्त्रात नाव मिळायला २०२१ साल उजाडावे लागले. कोकणातील किंवा घाटमाथ्यावरील बागेत अशीच एखादी मूळ रहिवासी टॉर्चच्या उजेडात समोर येणे मुळीच अशक्य नाही, आणि ती बहुधा कुजका पाला, बुरशी, शेवाळ यांवर जगत असते. म्हणून मोठा, निमुळता, तपकिरी पट्ट्यांचा शंख, किंवा चपटी, काळसर, खरबरीत पाठ, या दोन खुणा स्पष्ट पटल्या तरच गोगलगाय टोपलीत घ्यावी. पाठीवर लहानशी पातळ शंखपट्टी असलेली, अंग झिलईदार वा रंगीत असलेली, किंवा जिच्याविषयी मनात शंका आहे अशी कोणतीही गोगलगाय जेथे दिसली तेथेच राहू द्यावी, तिचे छायाचित्र काढून जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या अध्यापकांना दाखवावे, आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत त्या कोपऱ्यातील गोणपाट उचलून ठेवावे.